पांढरी पुन्हा वसवताना



वसंत ऋतूतील या सायंकाळी व्याख्यान ऐकावयास मंडळी येतात, ती काही प्रसन्न कानी पडावे या अपेक्षेने. अशा वेळी मी भूकंपाचा विषय घेऊन उभा राहिलो, याबद्दल आपली क्षमा मागतो. परंतु मला भूकंपाविषयी फार थोडे बोलावयाचे आहे. धरणी हलते ती काही सेकंद. त्यानंतर माणसे तीस वर्षे काय करतात, हा माझा विषय आहे. इतिहासकार सहसा पहिल्या गोष्टीची नोंद करतात आणि दुसरी सोडून देतात.

प्रारंभ आपल्या परिचयाच्या जागेपासून करतो. तुमसर तालुक्यातील आंबागड आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. सातपुड्याच्या रांगेतील टेकडीवरचा हा किल्ला इ. स. १७०० च्या सुमारास देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या अमदानीत, शिवनीचा कारभार पाहणाऱ्या राजाखान पठाणाने बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला व त्यांनी त्याचा कैदखाना केला. आतल्या विहिरीचे कुजके पाणी पाजून कैद्यांना मारीत, अशी आठवण लोक अजून सांगतात. किल्ला कोणी बांधला, कोणाच्या हाती गेला, हे आपणांस ठाऊक आहे. पण हे दगड ज्यांनी वर चढवले ती माणसे कोठे राहत होती, त्यांची घरे पडली तेव्हा त्यांनी ती कशी उभी केली, याचा एक शब्दही कोणी लिहून ठेवलेला नाही. तट टिकला म्हणून त्याचा इतिहास झाला. घरे पडत-उठत राहिली म्हणून त्यांचा झाला नाही. आजचे माझे बोलणे त्या दुसऱ्या प्रकारच्या इतिहासाचे आहे, आणि त्याचे उदाहरण मला घ्यावे लागते ते मराठवाड्यातील किल्लारीचे.

आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत दोन शब्द जोडीने येतात: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाऊ जमीन. पांढरी म्हणजे गावठाण, वस्तीची जागा. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली निघाले. त्यात या गावरचनेचे जे चित्र आहे ते आजही वाचण्यासारखे आहे. काळीत पीक बुडाले तर गाव एक वर्ष उपाशी राहते; पांढरी मोडली तर गावच राहत नाही. कारण पांढरी म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत. कोणाच्या ओट्यावर कोणी बसावयाचे, कोणाच्या विहिरीवर कोणी पाणी भरावयाचे, कोणाच्या दारावरून वरात जावयाची आणि कोणाच्या जाऊ द्यावयाची नाही, या साऱ्या बऱ्या-वाईट रीती त्या पांढरीत मुरलेल्या असतात. भूकंपाने हे सारे एकदम उघडे पाडले.

लातूर आणि त्या वेळचे उस्मानाबाद, आजचे धाराशिव, या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरून तेरणा नदी वाहते. तिच्या दोन्ही अंगांना किल्लारी, सास्तूर, तळणी, मंगरूळ, राजेगाव, होळी, पेठसांगवी अशी गावे. गुरुवार, दिनांक ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून मंडळी रात्री उशिरा घरी परतली आणि गाढ झोपी गेली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ मोजली गेली. सरकारी आकड्याप्रमाणे ७,९२८ माणसे मेली, सुमारे १६,००० जखमी झाली. सुमारे ३०,००० घरे भुईसपाट झाली आणि १३ जिल्ह्यांत मिळून दोन लाखांवर घरांना कमी-अधिक इजा पोहोचली. पाठोपाठ पाऊस लागला. ढिगाऱ्यांतून प्रेते काढावयाची आणि त्याच घरांच्या तुळया-खांबांचे सरण रचून त्यांना अग्नी द्यावयाचा, असा तो प्रसंग होता.

येथे एक प्रश्न मनात येतो. ६.२ तीव्रतेचा भूकंप हा जगाच्या मानाने राक्षसी भूकंप नव्हे. मग एवढी माणसे का मेली? याचे उत्तर जमिनीत जितके आहे, तितकेच छपरात आहे.

मराठवाड्यातील जुने घर म्हणजे दगड-मातीचे. भिंत दोन-अडीच फूट, कोठे त्याहूनही जाड. पण ती एक भिंत नसे. बाहेरून एक थर, आतून दुसरा थर, आणि मध्ये दगडगोटे व माती यांची भर. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड क्वचितच घातलेले असत. वर माळवद: लाकडी खणावर फळ्या, त्यावर मातीचा जाड थर. पाणी गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर पांढऱ्या चिकण मातीचा नवा थर द्यावयाचा, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आजोबांनी थर दिला, बापाने दिला, नातवाने दिला. जुना मात्र कोणी काढला नाही. होता होता छपरावर दीड-दोन फूट माती चढली. हे घर वेडेपणाने बांधलेले नव्हते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात ते थंड राही, चोराला अवघड पडे, आणि दगड-माती गावातच मिळे. ज्याची ऐपत होती त्याच्या घरात सागवानी खांबांचा सांगाडा असे. कित्येक ठिकाणी भिंती बाहेर कोसळल्या तरी हा सांगाडा माळवद पेलून उभा राहिला. ज्याची ऐपत नव्हती त्याचे माळवद थेट भिंतीवर टेकलेले. भिंत फुगली, थर सुटले आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली. वडिलोपार्जित शहाणपणात एका संकटाचा विचार नव्हता, कारण ते संकट कोणाच्या आठवणीत नव्हते.

ते शास्त्रज्ञांच्याही ध्यानात पुरते नव्हते. दक्खनचे पठार म्हणजे अचल शिला, हा समज शाळेच्या पुस्तकापासून विद्वानांच्या परिषदेपर्यंत रूढ होता. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला धक्का बसला, सुमारे १८० माणसे दगावली, तेव्हा या समजाला पहिला तडा गेला. पण कोयनेचा दोष पुष्कळांनी धरणाच्या पाण्यावर घातला आणि उरलेले पठार निर्दोष ठरवले. किल्लारीच्या परिसराला तर भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचे स्थान होते. १९९२ च्या पावसाळ्यानंतर तेथे लहान धक्के बसू लागले होते. जमीन सूचना देत होती. परंतु ती सूचना वाचावयाची कशी, हे ना गावाला ठाऊक होते, ना सरकारला. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने किल्लारीला ६०० मीटरहून खोल वेध घेतला. वरचा काळा कातळ ३३८ मीटरच भरला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग मूळ खडक. ज्याला आपण अढळ म्हणत होतो त्याची खोली तेव्हा मोजली गेली. २००२ साली भूकंपाच्या नकाशातून सर्वांत कमी धोक्याचा तो पहिला विभागच काढून टाकण्यात आला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्या विभागात गेला.

आता मुख्य विषयाकडे वळतो. मदत तत्काळ आली, आणि पुष्कळ आली. मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी तेथे पोहोचले, सैन्य आले, देशभरातून धान्य, कपडे, डॉक्टर आले. आपल्या देशात अशा मदतीची एक परंपरा आहे. १५ जानेवारी १९३४ चा बिहारचा भूकंप झाला तेव्हा राजेंद्रप्रसादांनी मदत समितीचे काम अंगावर घेतले होते, आणि परसत्तेच्या काळातही सारा देश बिहारकडे धावला होता. परंतु धावून जाणे हा एक गुण झाला. थांबून राहणे हा दुसरा. मदतीच्या गाड्या परत जातात त्या दिवशी पुनर्वसनाचा खरा आरंभ होतो.

राज्य सरकारने जागतिक बँकेच्या सुमारे २४ कोटी ६० लक्ष डॉलरच्या कर्जसाह्याने १९९४ साली पुनर्वसनाचा कार्यक्रम हाती घेतला. गावांचे तीन वर्ग केले. ‘अ’ वर्गातील ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी वसवावयाची. ‘ब’ वर्गातील गावे त्याच ठिकाणी नव्याने बांधावयाची. ‘क’ वर्गात, म्हणजे सुमारे अडीच हजार गावांत पसरलेल्या दोन लाखांच्या आसपास घरांत, दुरुस्ती व मजबुती करावयाची. वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली ती ५२ गावांची. माझ्या मते अधिक मोठे काम झाले ते तिसऱ्या वर्गात. पण आधी पहिल्याचा विचार करू.

गाव हलवावे की नाही? ज्या मातीत मुले-बाळे गाडली गेली तेथे पुन्हा चूल मांडावयाची नाही, असे पुष्कळ गावकरी म्हणत होते, आणि त्या म्हणण्याचा मान राखणे भाग होते. उलट, काही जाणत्या लोकांचे म्हणणे असे की, भूकंपापासून पळून दोन किलोमीटरवर जाण्यात शास्त्र नाही; धोका जागेत थोडा आणि बांधणीत फार आहे. शोक ताजा असताना घेतलेला निर्णय तीन पिढ्यांना बांधून टाकतो, ही अडचण त्या वेळी कोणाला दिसणे कठीणच होते. सरकारने गाव हलवण्याचा निर्णय घेतला. सुपीक शेतजमिनी संपादन झाल्या. सुमारे २७-२८ हजार नवी घरे बांधण्यात आली. काही सरकारने बांधली, काही देशोदेशीच्या व परप्रांतांच्या दात्यांनी. केरळातील ‘मल्याळ मनोरमा’ या वृत्तपत्राने वाचकांकडून निधी जमवून बाणेगाव उभे केले, हे एकच उदाहरण त्या वेळच्या सद्भावनेची कल्पना देण्यास पुरे आहे. तोपर्यंत माणसे पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत राहिली. तात्पुरते म्हणजे किती, तर कोणी दोन उन्हाळे, कोणी तीन.

घराचा आकार जमीनधारणेवर ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यांना ४००. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. कारभाराच्या दृष्टीने हे सोपे होते. ज्याचे जितके गेले त्याला त्या प्रमाणात द्यावे, असा त्यामागील न्याय. तथापि भूकंपाने एका रात्री वाडा आणि झोपडी सारखीच जमीनदोस्त केली होती. ती उतरंड आपण काँक्रीटमध्ये पुन्हा रचली, ही गोष्ट इतिहासाने नमूद करावयास हवी. त्याच्याच जोडीला दुसरी बाजूही नमूद करावी. ज्यांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर होती, ज्यांच्या नावावर कधी पक्के घर नव्हते, अशा कुटुंबांना त्याच आखणीत, त्याच रस्त्यावर, त्याच सिमेंटचे घर मिळाले. कित्येक ठिकाणी लोकांनी आपापल्या भावकी-जातीच्या गल्ल्या पुन्हा मागून घेतल्या, हे खरे. पण गावकुसाची जुनी रेघ नव्या नकाशावर तशीच उमटली नाही, हेही खरे.

नवी गावे आखली ती शहराच्या वसाहतीप्रमाणे: सरळ रुंद रस्ते, काटकोनी चौक, एकासारखे एक घर. अभियंत्याच्या पाटीवर हे फार देखणे दिसते. जुन्या गावाच्या कित्येक पट जागा नव्या गावाने व्यापली. पण जुन्या गल्लीत दोन घरांच्या मधल्या सावलीत बायका निवडीत-टिपीत बसत. चाळीस फुटी रस्त्यावर कोण बसणार? जुन्या वाड्यात ओसरी होती, गोठा होता, कडबा रचावयास परडे होते, बाळंतिणीची अंधारी खोली होती. नव्या घरात दोन खोल्या आणि काँक्रीटचे छत, जे चैत्र-वैशाखात तव्यासारखे तापते. गावाचा पसारा वाढला म्हणून दिवाबत्ती, नळ, रस्ते यांचा खर्च वाढला; तो पेलण्याइतके ग्रामपंचायतीचे उत्पन्न मात्र वाढले नाही. शेत दूर पडले. नुकसानभरपाईचा पैसा एकदम हाती आला तेव्हा तो सगळ्यांच्याच हाती टिकला नाही. काही घरांत तो दारूच्या वाटेने गेला.

ही यादी वाचून कोणी म्हणेल, मग सारे फसले. माझे तसे म्हणणे नाही, आणि इतिहासकाराचे निर्णय पाच वर्षांच्या हिशेबावर होऊ नयेत. खरी गोष्ट पुढे घडली. दिलेल्या घराला लोकांनी हळूहळू आपले घर केले. कोणी पुढे पत्रा टाकून ओसरी काढली. कोणी मागे गोठा बांधला. ज्याला शौचकूप म्हणून दिले होते त्यात पाण्याअभावी सरपण भरले. दारात लिंब लावला, तो वाढला. त्याच्या सावलीत पुन्हा बायका बसू लागल्या. रुंद चौकाच्या एका कोपऱ्यात मारुती आला, दुसऱ्यात चहाची टपरी. ज्या घरांत एकाच साच्याचा कंटाळा होता त्यांना वीस वर्षांत इतक्या जोडण्या लागल्या, की मूळ नकाशा शोधावा लागावा. सरकारने घरे दिली. त्यांचे गाव मात्र लोकांनी केले. याला अनुदान नव्हते, आराखडा नव्हता, आणि उद्‌घाटनाचा समारंभही झाला नाही.

आता तिसऱ्या वर्गाकडे, म्हणजे दुरुस्तीकडे येतो. अडीच हजार गावांत कंत्राटदार पाठवून घरे दुरुस्त करणे शक्य नव्हते. म्हणून येथे रीत उलटी केली. घरमालकाला नुकसानीच्या मानाने १७,००० किंवा ३४,००० रुपयांचे साह्य हप्त्याहप्त्याने, काम पाहून द्यावयाचे. सामान त्याने आणावयाचे, गवंडी त्याने ठरवावयाचा, अभियंत्याने फक्त मार्ग दाखवावयाचा. माळवदावरची माती कमी करणे, भिंतीत आरपार बंध घालणे, भिंतींच्या माथ्याशी चारी बाजूंनी अखंड पट्टा बांधणे, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरके टेकू देणे, अशी ही कामे. यांत चमत्कार काही नाही. पण शेतकऱ्याच्या मनात दगडाविषयी भीती बसली होती. ज्या दगडाने माणसे मारली त्याच दगडाची भिंत पट्टा बांधला म्हणजे वाचवते, हे पटवून देणार कोण?

ते काम पुष्कळ अंशी स्त्रियांनी केले. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने सरकारशी मिळून गावोगावच्या महिला मंडळांतून ‘संवाद सहायक’ निवडले. घराघरांत जाऊन योजना समजावणे, हप्ता का अडला ते विचारणे, सिमेंटचे प्रमाण व पट्ट्याची लोखंडी सळई डोळ्यांनी पाहून घेणे, हे त्यांचे काम. ज्या बायका ग्रामसभेत बसत नसत, त्या अभियंत्याला सळईची जाडी विचारू लागल्या. माझ्या दृष्टीने किल्लारीच्या भूकंपानंतरची सर्वांत टिकाऊ वास्तू हीच होय. घरे बांधून संपली तरी ही मंडळे संपली नाहीत. बचत, आरोग्य, पाणी, शेती अशा कामांकडे ती वळली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा मराठवाड्यातील बायका तेथील बायकांना भेटावयास गेल्या. आम्ही हे सोसले आहे, आणि आमच्या हातून काय चुकले ते तुम्हांला सांगावयास आलो आहोत, एवढेच त्यांना सांगावयाचे होते. गुजरातेत घरमालकाच्याच हाती पैसा देऊन त्याच्याकडूनच घर बांधून घेण्याचा मार्ग मोठ्या प्रमाणावर स्वीकारला गेला. त्यामागे लातूरच्या दोन्ही अनुभवांचा, गाव हलवण्याच्या आणि घर दुरुस्त करण्याच्या, विचार होता. पुढे २००५ साली देशाने आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा केला. त्याच्या वाटेवर लातूर आणि कच्छ या दोन्ही खुणा आहेत.

मुलांची गोष्ट वगळून हा वृत्तांत पुरा होणार नाही. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे १,२०० मुले पुण्याला नेली आणि त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. ती मुले शिकली, नोकरी-व्यवसायाला लागली, कित्येक परत आपल्या मुलखात कामाला आली. घर पडले तर तीन वर्षांत बांधता येते. माणूस उभा राहावयास वीस वर्षे लागतात. म्हणून पुनर्वसनाचा हिशेब ज्या वर्षी पूर्ण झाला असे कागदावर लिहिले जाते, त्या वर्षी तो नुकता कोठे सुरू झालेला असतो.

जुन्या किल्लारीच्या जागी स्मृतिस्तंभ आहे. दर ३० सप्टेंबरला तेथे मंडळी जमतात, फुले वाहतात. परंतु आज त्या गावांतील तिशीच्या आतल्या कोणालाही तो भूकंप स्वतःच्या आठवणीने ठाऊक नाही. त्यांना तो आजीच्या तोंडून ठाऊक आहे. आणि येथेच मला धोका दिसतो. नव्या घरांना ज्या जोडण्या झाल्या, त्यांतील पुष्कळ पट्टा न बांधता, सळई न घालता झाल्या आहेत. घर वाढले, ज्ञान मात्र मूळ खोलीतच राहिले. माळवदावर वर्षाला एक थर चढवणारे आजोबा काही मूर्ख नव्हते. त्यांना फक्त आठवण नव्हती. आपण तीस वर्षांत पुन्हा त्याच ठिकाणी येऊन पोहोचलो, तर दोष धरणीला देता येणार नाही.

आपण म्हणाल, हे सारे तेरणेकाठचे. वैनगंगेकाठी बसलेल्या आम्हांला याचे काय? याची तीन उत्तरे देतो आणि आपली रजा घेतो.

पहिले असे की, आमचा भाग सुरक्षित, हे वाक्य किल्लारीनेही म्हटले होते. आंबागडच्या उत्तरेस सुमारे दोनशे किलोमीटरवर जबलपूर आहे. २२ मे १९९७ च्या मध्यरात्रीनंतर तेथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि चाळीसच्या आसपास माणसे मेली. ज्या सातपुड्याला आपण पाठीराखा मानतो, त्याच्या पलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात जमिनीच्या जुन्या भेगा आहेत. मी भय घालीत नाही. घर बांधताना चार सळया आणि एक पट्टा यांचा विचार करावा, इतकेच माझे सांगणे.

दुसरे असे की, आपत्ती एकाच वेषाने येत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला जो पूर आला, भंडारा शहराच्या वस्त्यांत जे पाणी शिरले, ते येथील पुष्कळांनी पाहिले आहे. पाणी ओसरले, पंचनामे झाले, वर्तमानपत्रांतील मथळे बदलले. त्यानंतर कोणाचे घर उभे राहिले, कोण भाड्याच्या खोलीत गेले, कोणाच्या मुलीची शाळा सुटली, हे कोणी लिहून ठेवले आहे काय? नसेल, तर आंबागडचे दगड वाहणाऱ्यांविषयी जे झाले तेच यांच्याविषयी होईल. ही नोंद ठेवणे सरकारचे काम खरेच, पण ते वाचनालयाचे, शाळेचे आणि अशा व्याख्यानमालेचेही काम आहे.

तिसरे उत्तर आपल्या तळ्यांकडे बोट दाखवून देतो. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी येथे तळी बांधली. पाळ कोठे घालावी, पाणी कोणाच्या बांधीत आधी सोडावे, गाळ केव्हा काढावा, हे सारे गाव ठरवीत असे. १९५१ साली मालगुजारी संपली. ते होणे न्यायाचेच होते. तळी सरकारी झाली आणि गाळ काढणे कोणाचेच काम राहिले नाही. ज्याचे त्याच्या हातून काढून घेतले, की वस्तू टिकते पण तिची काळजी सुटते. किल्लारीच्या ५२ गावांत जे चुकले आणि अडीच हजार गावांच्या दुरुस्तीत जे साधले, त्यांतील अंतर आपल्या तळ्याच्या पाळीवर बसून आपणांस सहज समजेल. कोणी घर बांधून दिले तर माणूस त्यात राहतो. त्याने स्वतः उभे केले तर तो ते राखतो. मदत करणाऱ्याने पैसा द्यावा, शास्त्र द्यावे, वेळ द्यावा. परंतु पांढरीचा नकाशा मात्र पांढरीवाल्यांना काढू द्यावा. आणि तो काढताना बायकांना, भूमिहीनांना, गावकुसाबाहेरच्यांना आधी विचारावे, कारण जुन्या नकाशाच्या वेळी त्यांना कोणी विचारले नव्हते.

आंबागडाच्या तटावरून खाली पाहिले, तर शेतांमधून गाव दिसते. तीनशे वर्षांत राज्ये गेली, किल्लेदार गेले, कैदी गेले. गावात मात्र आजही सायंकाळी दिवा लागतो. त्या दिव्याला कोणाची सनद नाही. तो कोणी तरी रोज लावतो म्हणून लागतो. तेरणेकाठी ३० सप्टेंबरच्या पहाटे असे हजारो दिवे एकदम विझले, आणि माणसांनी ते एकेक करून पुन्हा लावले. त्याला तीस वर्षे लागली आणि काम अजून पुरे झालेले नाही. ते कसे झाले याची आठवण ठेवणे, हे आपणांस करता येण्याजोगे आहे.